अलाइनमेंट दोनदा केलं तरी गाडी डावीकडेच ओढते, काय असेल?

भाऊ, तिसऱ्यांदा अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) पैसे देऊ नका. माझ्या जुन्या हॅचबॅकचं पण असंच झालं होतं, दोन दुकानं फिरलो, दोघांनी कागद काढून दिला, आकडे सगळे बरोबर, अन् वर्धा रोडला लागलो की गाडी पुन्हा डावीकडे. बऱ्याच छोट्या गाड्यांत समोर फक्त टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळली तो कोन) ॲडजस्ट होतो, कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक किती कललं) अन् कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते तो मागे-पुढे किती कलला) फिक्सच असतो, अन् टो बिघडला तर स्टेअरिंग वाकडं राहते, टायर घासते, पण गाडी सहसा ओढत नाही. म्हणून कागदावर कॅम्बर अन् कास्टर डाव्या-उजव्या चाकाचे सारखे आहेत का तेवढं नक्की पाहा.

हवा सकाळी गाडी थंड असताना मोजा. आपल्याकडे मे महिन्यात गाडी एका बाजूने उन्हात उभी असली की तिकडचं प्रेशर जास्तच दाखवते, अन् ज्या चाकात हवा कमी तिकडे गाडी जाते. थोडीशी डावीकडे जात असेल तर तो रस्त्याचाही उतार असू शकतो, पाणी कडेला जावं म्हणून ठेवतात तो, त्यामुळे सपाट पट्टा शोधूनच चेक करा.

मग समोरचे दोन्ही टायर आपसात बदला. ओढणं उजवीकडे गेलं किंवा बंद झालं तर दोष टायरमध्येच. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं बदलू नका.

तरी फरक नाही पडला तर ब्रेक बघा, माझं तिथंच निघालं. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता चालवा, थांबा अन् समोरच्या दोन्ही रिमजवळ हात न्या (डिस्कला, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या चकतीला, हात लावू नका, भाजते). माझं डावं चाक एवढं तापलं होतं का जवळ हात ठेववत नव्हता, उजवं कोमट. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी होती, कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिनचं रबर फाटलेलं, पाणी जाऊन पिन जाम, त्यामुळे पॅड डिस्कला चिकटूनच राहायचं. मानेवाड्याच्या मेकॅनिकने पिन साफ करून ग्रीस लावलं, रबर बदललं, तासाभराचं काम! पिन मोकळी असूनही चाक तापत असेल तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन नाहीतर ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) पाहायला सांगा.

अन् फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर उलटं असते, ज्या बाजूचा ब्रेक धरत नाही त्याच्या विरुद्ध बाजूला गाडी जाते. लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश गेले तरी ब्रेक मारताना गाडी ओढते, अन् खड्ड्यात जोरात आपटली असेल तर आर्म किंवा स्ट्रट (शॉकॲब्जॉर्बरचा उभा खांब) वाकला का तेही बघून घ्या.

चाक तापत असेल तर हे काम होईपर्यंत समृद्धीवर गाडी नेऊ नका, तिथं कारला १२० ची परवानगी आहे अन् तापून तापून ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जाते.