वाचकांचे प्रश्न : कुत्र्याशी ओढाओढीचा खेळ

पाळीव प्राण्यांच्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे यंदा एकाच खेळाबद्दल आहेत. दोरीचे किंवा कापडाचे एक टोक कुत्र्याच्या तोंडात आणि दुसरे आपल्या हातात, असा हा ओढाओढीचा खेळ जवळपास प्रत्येक घरात खेळला जातो आणि जवळपास प्रत्येक घरात त्यावरून वादही होतो. म्हणून यावेळची सर्व जागा त्याच प्रश्नांना दिली आहे.

आमचा तीन वर्षांचा लॅब्राडॉर दोरी ओढताना मोठ्याने गुरगुरतो. सासऱ्यांचे म्हणणे असे की, त्याला जिंकू दिले तर तो डोक्यावर बसेल आणि पुढे घरच्यांवर दादागिरी करू लागेल. हा खेळ बंद करावा का? — एक वाचक, डोंबिवली

बंद करण्याची गरज नाही. आपल्या सासऱ्यांची समजूत मात्र त्यांच्या एकट्याची नाही. अनेक वर्षे कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरील पुस्तकांतही तेच छापले जात होते. बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये जे लिहिले, त्यातून कळपात सतत वर्चस्वाची लढाई चालते हे चित्र रूढ झाले आणि ते पुढे कुत्र्यांनाही लावले गेले. मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप हे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, असे डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्टपणे मांडले, तरी जुनी समजूत घरोघरी टिकून राहिली.

नेमका आपला प्रश्न इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी तपासला होता. त्यांनी 14 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांबरोबर ओढाओढीचे डाव खेळून पाहिले. प्रत्येक कुत्र्याला 20 वेळा जिंकू दिले आणि 20 वेळा हरवले, आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याचे माणसाशी वागणे कसे आहे याची नोंद केली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जिंकण्याहरण्याचा वर्चस्वाशी काही संबंध आढळला नाही. उलट खेळानंतर कुत्रे माणसाकडे अधिक लक्ष देऊ लागले, आणि मुळातच खेळकर असलेले कुत्रे जिंकल्यावर पुन्हा खेळण्यासाठी जास्त मागे लागू लागले. अर्थात गोल्डन रिट्रीव्हर ही शांत स्वभावाची जात आहे. त्यामुळे खाण्याच्या ताटलीजवळ कोणी गेले तरी अंगावर येणाऱ्या कुत्र्यासाठी हा निष्कर्ष जसाच्या तसा वापरू नये, असे मला वाटते. अशा कुत्र्याबरोबर हा खेळ सुरू करण्यापूर्वी वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यकाला भेटावे.

आपला लॅब्राडॉर दोरी जिंकल्यावर काय करतो, हे एकदा पाहावे. ज्याला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असते तो ती घेऊन कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जातो, पण ज्याला खेळायचे असते तो ती परत आणून आपल्या गुडघ्यावर आपटतो. परत आणणाऱ्या कुत्र्याला आपल्यावर राज्य करायचे नसते, त्याला भिडू हवा असतो.

गुरगुरण्याबद्दल सांगायचे तर, खेळातले गुरगुरणे आणि हाड राखताना केलेले गुरगुरणे वेगळे असते. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ध्वनिमुद्रित गुरगुर ऐकवली असता, हाड राखणाऱ्या कुत्र्याचा आवाज ऐकून दुसरे कुत्रे हाडापासून मागे हटले. ओढाओढीत नोंदवलेल्या गुरगुरीचा तसा परिणाम झाला नाही. माणसाने मात्र केवळ आवाजावर न विसंबता अंगाकडे पाहावे. अंग सैल असणे, मागचा भाग वर करून पुढचे पाय जमिनीला टेकवणे, मधूनच पकड सोडून पुन्हा धरणे, ही खेळाची लक्षणे आहेत. तेच अंग अचानक ताठ झाले, हालचाल गोठली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला किंवा कुत्रा दोरीवर मान झुकवून आपल्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला, तर त्या क्षणी ओढणे थांबवावे, हातातले टोक सोडून द्यावे आणि दोन पावले दूर व्हावे. तेव्हा दोरी हिसकावून घेण्यात शहाणपण नाही.

आमच्या चार महिन्यांच्या पिल्लाशी खेळताना कापडावर रक्ताचे डाग दिसले. काही इजा झाली असेल का? — एक वाचक, नाशिक

बहुधा नाही. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. ते साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पडू लागतात आणि सहा ते सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या दुखऱ्या असतात आणि थोडे रक्त येणे स्वाभाविक आहे. तरीही एकदा ओठ वर करून पाहावे. दात अर्धवट तुटलेला दिसला, एकच बाजू सुजली असेल किंवा पिल्लू खाणे टाळत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे. नवा सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारीच ठाण मांडून असेल, तेव्हाही दाखवावे, कारण मागे राहिलेल्या दातामुळे नव्या दाताची जागा बिघडते.

या वयात खेळ पूर्ण बंद करू नये, पण ओढण्याचे काम पिल्लाकडे ठेवावे. आपण मऊ कापडाचे टोक नुसते धरून ठेवायचे आणि त्याने हवा तेवढाच जोर लावायचा. कापड ओले करून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवले तर हिरड्यांनाही बरे वाटते. कापडाला लटकलेले पिल्लू हवेत उचलण्याची जी हौस काहींना असते, ती दातांसाठी आणि मानेसाठी वाईट आहे. मोठ्या कुत्र्याबाबतही तसे कधी करू नये.

दोरी तोंडातून सोडवायची म्हटली की आमच्या घरात रणधुमाळी होते. ओरडून झाले, जबडा उघडूनही पाहिला. ‘सोड’ म्हटले की तो अधिकच घट्ट धरतो. काय करावे? — एक वाचक, कोल्हापूर

माझ्या मते या खेळाची सुरक्षितता जवळजवळ पूर्णपणे याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक घरांत ‘सोड’ हा शब्द फक्त खेळ संपवण्याच्या वेळी उच्चारला जातो. कुत्र्याच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ ‘आता मजा संपली आणि दोरी कपाटात गेली’ एवढाच उरतो. मग तो घट्ट धरणार नाही तर काय करील? जबडा हाताने उघडल्याने तर उलटेच घडते. आपण खेचतो म्हणून तो खेचतो, आणि आपल्या त्या झटापटीलाच तो खेळाचा पुढचा डाव समजतो. शिवाय बोटे दातांत सापडण्याचे बरेच प्रसंग याच वेळी येतात.

शिकवण्याची सुरुवात खेळाबाहेर करावी. कुत्र्याला फारशी न आवडणारी एखादी वस्तू त्याच्या तोंडात असताना शांतपणे ‘सोड’ म्हणावे, क्षणभर थांबावे आणि मग उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा नाकापाशी न्यावा. तोंड उघडले की तुकडा द्यावा, आणि तो खाऊन होताच तीच वस्तू त्याला परत द्यावी. ही परत देण्याची पायरी लोक गाळतात आणि सगळे शिक्षण तिथेच फसते. सोडल्याने आपले काही जात नाही, हे त्याला पटले पाहिजे. शब्द आधी आणि खाऊ नंतर हा क्रमही सांभाळावा, नाहीतर खाऊ दिसल्याशिवाय न सोडणारा सौदागर तयार होतो.

शब्द ऐकून तोंड उघडू लागले की ते खेळात आणावे. ओढता ओढता एकदम थांबावे, दोरी दोन्ही हातांनी आपल्या मांडीला घट्ट लावून धरावी, ‘सोड’ असे एकदाच म्हणावे आणि गप्प राहावे. हलत नसलेल्या दोरीत कुत्र्याला रस उरत नाही. काही सेकंदांत, सुरुवातीला कदाचित अर्ध्या मिनिटात, तो पकड सोडतो. सोडताच ‘घे’ म्हणून लगेच खेळ पुन्हा सुरू करावा, कारण इथे खेळ हेच बक्षीस आहे. दहा-पंधरा सेकंद ओढणे आणि मग ‘सोड’, असे तुकडे पाडत चार-पाच मिनिटे खेळले की कुत्रा उत्तेजित होऊन भान हरपण्याच्या पातळीपर्यंत जातच नाही. अगदी शेवटी दोरी घेताना बदल्यात चघळायला दुसरे काही द्यावे.

घरातील सर्वांनी शब्द एकच ठेवावा. आजी ‘टाक’ म्हणतात, मुलगा ‘ड्रॉप’ म्हणतो आणि आपण ‘सोड’ म्हणता, तर त्या बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? आणि दात कातडीला लागले, मग ते चुकून का असेना, तर न ओरडता खेळ तिथेच थांबवून दोरी अर्धा मिनिट पाठीमागे धरावी. नेम धरून दोरीवरच तोंड टाकायला कुत्रे यातूनच शिकतात.

दोरी घेऊन पळाला तर मागे धावू नये. धावलो की ओढाओढीचा पकडापकडीचा खेळ होतो आणि त्यात तोच जिंकणार. तशीच दुसरी दोरी काढून आपण स्वतःशीच खेळू लागावे, तो येतो.

बीगल आठ वर्षांचा आहे. घरी फरशी गुळगुळीत आहे. कशाने, किती आणि कसे खेळावे? जुने पायमोजे चालतील का? — एक वाचक, ठाणे

पायमोजे नकोत. जुना मोजा आणि आज ऑफिसला घालायचा मोजा यांतला फरक कुत्र्याला कळत नाही, आणि मोजे गिळल्यामुळे आतड्यात अडथळा होऊन पोट उघडावे लागते अशी वेळ येऊ शकते. सुताच्या दोरीचे धागे सुटू लागले की तीही टाकून द्यावी, कारण लांब धागा आतड्यात अडकला तर आतडे चुणीसारखे गोळा होते आणि काही वेळा कापलेही जाते. नायलॉनची सुंभासारखी दोरी हिरड्यांना आणि आपल्या तळहाताला सोलते. जाड फ्लीस कापडाची घट्ट वेणी किंवा रबराचे खेळणे उत्तम. लांबी इतकी हवी की त्याचे तोंड आणि आपला हात यांत वीतभराहून जास्त अंतर राहील. खेळून झाले की ते उचलून ठेवावे, एकट्याने चावत बसायला देऊ नये.

ओढताना खेळणे कुत्र्याच्या छातीच्या उंचीला किंवा त्याखाली धरावे, मान पाठीच्या रेषेत राहू द्यावी आणि हालचाल डावीउजवीकडे, सावकाश करावी. वरखाली झटके देण्याने मानेच्या मणक्यांवर ताण येतो. बीगल आणि डॅशहुंड या जातींत मणक्यांमधल्या चकत्या कमी वयातच कडक होऊन सरकण्याचा धोका असतो, त्यामुळे आपल्याकडे ही काळजी दुप्पट हवी. जोर किती लावायचा हे त्याला ठरवू द्यावे. तो अंग मागे टाकून ओढत असेल तेव्हा आपण प्रतिकार करायचा, जिंकायचे नाही. मान खाली करून पाणी पिताना तो कण्हला, जिना चढायला नको म्हणू लागला किंवा मागचे पाय लडखडले, तर खेळ सोडाच, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आठव्या वर्षी एकदा दातांची तपासणीही करून घ्यावी, कारण हलणाऱ्या दाताने ओढणे यातनादायक असते आणि कुत्रा ते सांगत नाही.

गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि गुडघे व खुबे दुखावतात. रबरी मॅट किंवा न सरकणारी जाड सतरंजी घालावी आणि पंजांखालचे केस वाढले असतील तर कापावेत. जेवणानंतर तासभर तरी खेळू नये. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा उशिरा संध्याकाळीच खेळावे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड करतो, आणि तोंडात दोरी धरलेली असताना नीट धापाही टाकता येत नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे डाव तर अगदीच छोटे ठेवावेत.

सात वर्षांच्या मुलाने कुत्र्याशी हा खेळ खेळावा का? परवा त्याच्या बोटाला दात लागून खरचटले. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

प्रथम खरचटण्याबद्दल, आणि ते आजच करावे. मुलाला आजच डॉक्टरांकडे न्यावे, कुत्र्याचे लसीकरणाचे कार्डही बरोबर न्यावे. घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, रक्तही आले नाही, असे म्हणून पुढच्या उपचारांचा निर्णय घरी घेऊ नये. तो डॉक्टरांचा आहे. पुढे कधी असे घडले तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्यावर चुना, हळद, तिखट असले काही लावू नये, आणि मग डॉक्टरांकडे जावे.

खेळाविषयी सांगायचे तर, मोठ्या माणसाने ‘सोड’ पक्के शिकवल्यानंतर आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असतानाच मुलाने खेळावे. मुलाने दोन्ही पाय रोवून उभे राहावे, बसून किंवा लोळून खेळू नये, दोरी मनगटाला गुंडाळू नये, आणि कुत्र्याने उडी मारली तर दोरी टाकून हात छातीशी घेऊन स्तब्ध उभे राहावे. धावत किंचाळत सुटणे हा कुत्र्याला पाठलागाचा इशारा वाटतो. मुलापेक्षा कुत्रा वजनाने भारी असेल, तर मुलाला ओढाओढीऐवजी खाऊ लपवून शोधायला लावण्याचा खेळ द्यावा.

आमच्याकडे कारवानी जातीची मादी आहे. दोरी पुढे केली की ती तोंड फिरवते. तिला शिकवावे का? — एक वाचक, सांगली

दोरी तोंडात कोंबू नये. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात ही जात सशामागे धावण्यासाठी पाळली गेली आहे. तिला धरून बसण्यापेक्षा पाठलागात जास्त रस असणार. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाची चिंधी बांधून ती जमिनीलगत वळणे घेत फिरवावी. पकडल्यावर दोनचार सेकंद हलके ओढून चिंधी तिच्याकडेच सोडावी. चिंधी उंच उडवू नये, कारण उडी मारून वळताना लांब पायांचे सांधे दुखावतात, आणि हा खेळ फरशीवर न खेळता मातीवर किंवा गवतावर खेळावा. तरीही तिने तोंड फिरवले, तर तिला तो खेळ आवडत नाही एवढेच समजावे.