आमच्या कॉलनीच्या मंडळातली व्याख्यानं कंटाळवाणी का होतात? चांगला वक्ता कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राजेंद्रनगरातलं मराठी मंडळ, महिन्याला एक कार्यक्रम, येणारी माणसं ७०-८०, त्यातली निम्मी साठीपुढची आणि दहा-पंधरा शाळकरी मुलं. मागची दोन व्याख्यानं लोकांनी घड्याळाकडे बघत ऐकली. आता पुण्या-मुंबईचा नामवंत वक्ता बोलवावा का, आणि तो परवडेल का?

माझं मत विचाराल तर वक्ता बदलण्याआधी त्याला विषय देण्याची पद्धत बदला. तुम्ही पत्रात ‘पर्यावरण आणि आपण’ लिहिता, मग तो बिचारा ओझोनच्या थरापासून सुरू करतो. ‘इंदूरचा इतिहास’ म्हणता, तो मल्हाररावांपासून निघतो आणि अहिल्याबाईंपर्यंत पोचायच्या आत चहाची वेळ होते. विषय एवढा मोकळा सोडला की विद्वान माणूस सगळं सांगायला जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून विषय न देता प्रश्न द्या. तो असा हवा की त्यातली वस्तू ऐकणाऱ्याच्या घरात किंवा रोजच्या वाटेवर आहे, पण तिच्याबद्दल त्याला काही ठाऊक नाही.

इंदुरात असे प्रश्न पडलेलेच आहेत. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर येतं आणि वाटेत विंध्य चढतं. नदीपासून शहरापर्यंतची चढण चारशे मीटरच्या वर आहे. हे पाणी वर चढतं कसं, त्याला वीज किती लागते, आणि पंप बंद पडला तर तुमच्या टाकीला ते किती तासांनी कळतं? पाणीपुरवठ्यातला निवृत्त इंजिनिअर यावर चाळीस मिनिटं सहज रंगवेल. दुसरा प्रश्न: दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंदूरच्या रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीनं आणि साडेचार टक्के व्याजानं. संस्थानिकानं सरकारला कर्ज का द्यावं? तिसरा: राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे इंदूरच्या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संस्थेत, इंडस-२ नावाच्या १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरवत ठेवतात, ते कशासाठी? चौथा: रोज सकाळी कचरागाडीत टाकलेल्या ओल्या कचऱ्याचा गॅस कसा होतो? २०२२ साली सुरू झालेला बायो-सीएनजीचा प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेईल एवढ्या क्षमतेचा आहे. पोह्यांवरची उरलेली शेवसुद्धा त्यात जाते, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या काकू हसतील, आणि हसल्या की पुढचं ऐकतील.

यातला एकही वक्ता बाहेरगावचा लागत नाही. होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासून आहे, एस.जी.एस.आय.टी.एस. हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सिमरोलला आयआयटी आहे, सोयाबीन संशोधन संस्था आहे. या सगळ्यांतून निवृत्त झालेली मराठी माणसं सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर भागात घरी बसलेली असतात. सरकारी नोकरीत असलेल्याला बाहेर बोलायला बहुधा वरिष्ठांची परवानगी लागते. तेव्हा त्याच्यासाठी मंडळाच्या लेटरहेडवर, संस्थाप्रमुखांच्या नावे, निदान सहा आठवडे आधी पत्र द्या. निवृत्तांना ही कटकट नाही, शिवाय त्यांना हातात वेळ असतो. धोका एकच, त्यांना वेळ जरा जास्तच असतो. त्याचा उपाय खाली सांगतो.

निवड करताना वक्त्याचा व्हिडिओ असेल तर सुरुवात बघू नका. पहिली पाच मिनिटं सगळ्यांचीच घोटलेली असतात. विसाव्या मिनिटापासून पंचविसाव्यापर्यंत बघा. तिथेही तो उदाहरण देत असेल, समोर बघून बोलत असेल, तर माणूस चालेल. तिथे तो स्लाइड वाचून दाखवायला लागला असेल तर त्याची मुलाखत घ्या, व्याख्यान ठेवू नका. मुलाखतीत बरेच अबोल तज्ज्ञ फुलतात. व्हिडिओ नसेल तर वीस मिनिटं फोनवर बोला आणि तीनच गोष्टी विचारा: पहिलं वाक्य काय असेल, श्रोत्यांना दाखवायला कोणती वस्तू आणाल, आणि वेळ कमी पडला तर कोणता भाग गाळाल? तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे नसतं तो हमखास वेळेच्या बाहेर जातो.

वस्तूचा आग्रह धराच. पाण्याच्या व्याख्यानाला कापलेला जुना व्हॉल्व्ह, रेल्वेच्या व्याख्यानाला रुळाचा तुकडा, असं हातोहात फिरवता येईल असं काही. शाळकरी मुलं त्यासाठीच थांबतात. खगोलावर कुणी बोलणार असेल तर त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ द्या. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहे. त्यामुळे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस, आपल्याकडे साधारण ६ जूनला येतो आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून जूनच. व्याख्यान सव्वाबाराला संपवा, सगळ्यांना अंगणात न्या, सपाट फरशीवर स्टीलचा पेला उपडा ठेवा. १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते. फरशी सपाट हवी, कारण उतारावर ठेवलेला पेला तिरका राहतो आणि सावली बाहेर डोकावते. सर्पमित्र बोलवलात तर जिवंत साप आणू देऊ नका. लोक मागतील, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तुम्ही आणि तो, दोघंही अडकाल. फोटो आणि रबरी नमुने पुरतात.

आता वेळ. याबाबत मी जरा कडवा आहे. दीपप्रज्वलन ५ मिनिटं, सरस्वतीवंदना ५, मंचावरच्या पाच जणांना पुष्पगुच्छ ६, अध्यक्षांचं प्रास्ताविक १०, वक्त्याचा परिचय ८. म्हणजे वक्ता उभा राहतो तेव्हा ३४ मिनिटं झालेली असतात आणि लोकांची ऐकण्याची उमेद संपलेली असते. मागचा वक्ता खरंच कंटाळवाणा होता की त्याला दमलेले श्रोते मिळाले, हे एकदा तपासून बघा. समई लोक यायच्या आधी लावून ठेवा. प्रास्ताविक काढून टाका, वर्गणीची सूचना फळ्यावर लिहा. परिचय दीडशे शब्दांचा, लिहून काढलेला, पदव्या न मोजता या माणसाला या प्रश्नातलं का कळतं एवढंच सांगणारा. शाल-श्रीफळ शेवटी. साडेसहाची वेळ दिली असेल तर ६:३५ ला वक्ता बोलायला लागलाच पाहिजे. दोन महिने हे पाळलं की तिसऱ्या महिन्यात लोक वेळेवर येतात.

व्याख्यान ४० मिनिटं, प्रश्न २० मिनिटं. वक्त्याला पत्रातच ‘पस्तीस मिनिटं’ लिहा. पहिल्या रांगेत एक जण बसवा, त्यानं १० मिनिटं उरल्यावर पिवळा आणि २ मिनिटं उरल्यावर लाल कागद दाखवायचा. हे वक्त्याला आधी सांगून ठेवा, मग कुणी रागावत नाही. मागून चिठ्ठी पाठवणं मात्र वाईट; सगळं सभागृह चिठ्ठीकडे बघतं.

आवाजावर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण साठीपुढच्या माणसाला अर्धं ऐकू आलं की तो शेजाऱ्याला विचारतो आणि मग दोघांचंही सुटतं. स्पीकरचे डबे वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. ते मागे किंवा बाजूला माइकच्या रोखानं राहिले की डब्यातला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मंडपवाला तेव्हा आवाज कमी करतो आणि मागच्या चार रांगा गेल्या म्हणून समजा. कॉलर माइक साडीच्या पदराजवळ किंवा मंगळसूत्राखाली लावू नका, खरखर येते. माइक नवे सेल घालून सुरू करा, जुने सेल बरोबर शेवटच्या पंधरा मिनिटांत दगा देतात. रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी फसवी असते, माणसं भरली की घुमणं कमी होतं आणि आवाज वाढवावा लागतो.

प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आतला असेल तर पडदे लावावे लागतील. शेवटची रांग पडद्यापासून जितकी लांब, त्याच्या सहाव्या भागाइतकं चित्र उंच हवं, म्हणजे ३० फुटांना ५ फूट. चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर ठेवा, नाहीतर पुढच्यांची डोकी मध्ये येतात. आणि स्लाइड पीडीएफमध्ये मागवा. निवृत्त मंडळींच्या फायली जुन्या फाँटमध्ये असतात, दुसऱ्या लॅपटॉपवर मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात.

खुर्च्या ८० माणसांसाठी ६० च मांडा, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा. आधी १०० मांडल्यात तर लोक मागून भरतात आणि वक्ता रिकाम्या रांगांशी बोलतो.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या. उभं राहून प्रश्न विचारणाऱ्यांत एक जण स्वतःचं व्याख्यान देणारा असतोच, तो प्रत्येक मंडळात आहे. पहिला प्रश्न मात्र आधीच एखाद्या मुलाला देऊन ठेवा, म्हणजे सुरुवातीची शांतता टळते. मुलांनी हिंदीत विचारलं तर हिंदीत विचारू द्या. मराठी त्यांना पुरतं कळतं, फक्त मंचासमोर बोलताना जीभ हिंदीकडे वळते. पोहे-जलेबी शेवटी द्या. आधी दिलेत तर उशिरा आलेले लोक व्याख्यान चालू असताना चमचे वाजवत बसतात.

तारीख काढताना पंचांगातले लग्नाचे मुहूर्त बघा. वरात दाराशी आली की कुठलाच माइक तिच्यापुढे टिकत नाही. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), हे दोन दिवस शहरात कुणी कुठे पोचत नाही.

राहिला पुण्या-मुंबईचा वक्ता. वर्षातून एकदा जरूर बोलवा, पण मानधनाशिवायचा खर्च आधी मांडा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसनं येणारा सकाळी उतरतो. परतीची अवंतिका तुमचं व्याख्यान सुरू व्हायच्या आत निघून गेलेली असते, म्हणजे मुक्काम आलाच. येण्याजाण्याचं भाडं, खोली, जेवणं, स्टेशनवर घ्यायला गाडी, हे ८० माणसांच्या एका संध्याकाळीसाठी जड जातं. महाराष्ट्र साहित्य सभा किंवा शहरातलं दुसरं एखादं मंडळ दुसऱ्या दिवशी त्याच वक्त्याचा कार्यक्रम ठेवत असेल तर भाडं अर्धं होतं. म्हणून तारीख पक्की करायच्या आधी त्यांना फोन करा.