मूलगामी, जहाल की टोकाचा?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय : मुलांना निबंधाला विषय द्यायचाय, 'मतदार मूलगामी पक्षांकडे का वळतात?' रॅडिकलला 'मूलगामी' चालेल ना?

कोशात चालेल, इथे नको. मूलगामी हे विशेषण आपण चिंतनाला, संशोधनाला, सुधारणेला लावतो, आणि बहुतेकदा कौतुकानेच. ग्रीसमधल्या 'गोल्डन डॉन' या अतिउजव्या पक्षाला 2020 मध्ये तिथल्या न्यायालयाने गुन्हेगारी संघटना ठरवलं. त्याला मूलगामी म्हणणं म्हणजे शाल-श्रीफळ देण्यासारखंच.

'जहाल' जवळचा आहे, पण त्याच्यामागे 1907 ची सुरत काँग्रेस येते. जहाल म्हटलं की आपल्याला टिळक आठवणार, आणि मुलं निम्मा निबंध मवाळांवर खर्च करणार. (टिळकांचा गट स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवत असे, हेही त्यांना सांगा.) 'अतिरेकी'च्या हातात आता बंदूकच दिसते, तो बाद. 'कट्टर' आणि 'कडवा' हे शब्द पक्षापेक्षा कार्यकर्त्याला शोभतात. रिक्षाच्या मागच्या काचेवर 'कट्टर' लिहिणाऱ्याचं मत केव्हाच ठरलेलं असतं. तुमचा प्रश्न आहे तो मागच्या खेपेला दुसरीकडे शिक्का मारून आलेल्या माणसाचा.

मी 'टोकाचे पक्ष' म्हणेन. टोकं दोन असतात, आणि उत्तरातली खरी गंमत तिथेच आहे. ग्रीसमध्ये 2009 साली डाव्या सिरिझा पक्षाला 4.6 टक्के मतं होती, 2015 च्या जानेवारीत 36.3. कर्जसंकटाच्या आणि पगारकपातीच्या त्याच काळात, 2012 मध्ये, गोल्डन डॉनही जवळपास 7 टक्क्यांवर गेला. जर्मनीत नाझींची मतं 1928 मध्ये 2.6 टक्के होती, जुलै 1932 मध्ये 37.3. पण बेकार झालेले कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना मोठी साथ मिळाली ती छोटे दुकानदार आणि प्रॉटेस्टंट शेतकरी यांची. हातचं गेलेला एका टोकाला, जाईल म्हणून धास्तावलेला दुसऱ्या. तेव्हा नुसतं 'गरिबीमुळे' लिहिणाऱ्याला मार्क कापा.

आता 'वळतात'. मूळ शब्दापेक्षा मला हे क्रियापद जास्त खटकतं. सरळ रस्ता सोडून कुणीतरी आडवाटेला लागलं, असा सूर त्यात आहे ('आहारी जातात' तर विचारूच नका). आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला विचारून बघा, 'लाल बावट्याकडे का वळलात?' तिला प्रश्नच कळणार नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम इथूनच 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले. त्या पक्षाला टोकाचं म्हणावं की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवू. ती मजुरीचं बोलेल, कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलाचं बोलेल, अडलं तर युनियनच्या हापिसात कोण भेटतं ते सांगेल. तिच्या लेखी हा पक्ष टोकाला नाही, दाराशी आहे. मुलांच्या निबंधात विचारसरणीची पानं भरतील आणि नेमकं हेच सुटेल.

म्हणून विषय असा द्या : 'प्रस्थापित पक्ष सोडून मतदार टोकाच्या पक्षांना मत का देतात?' लांब वाटला तर 'टोकाच्या' गाळलंत तरी चालेल, पण 'प्रस्थापित पक्ष सोडून' ठेवाच.