तक्ता बाजूला ठेवा, आधी ‘मला’ सोडवा

ताई, तुमच्या इंग्रजीच्या वर्गातल्या बायकांना आय-मी, ही-हिम, शी-हर हा सर्वनामांचा तक्ता तोंडपाठ आहे, पण बोलायला लागल्या की ‘मी लाइक टी’ आणि ‘शी कॉल्ड आय’ येतं, असं तुम्ही लिहिलंत. तक्ता आणखी घोकून घेऊ का, असंही विचारलंत. नको. मी १२ वर्षं संध्याकाळचा वर्ग घेते आहे, पहिली ३ वर्षं मीही तक्ताच घोकून घेतला.

अडचण त्यांच्या पाठांतरात नाही, आपल्या ‘मला’मध्ये आहे. आपण शिकवतो, ‘मला’ म्हणजे इंग्रजीतलं ‘मी’ (me). मग ‘मला चहा आवडतो’चं ‘मी लाइक टी’ होणारच! त्यांनी तुमचा नियम इमानाने पाळला. मला ताप आहे, मला जायचंय, मला माहीत आहे, मला दोन मुलं आहेत, या सगळ्यांत इंग्रजीला ‘आय’ लागतो. ‘मला सांग’, ‘तिने मला बोलावलं’ इथे ‘मी’. त्यात उच्चारांचा गोंधळ: इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, आणि तिथला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’.

म्हणून आय लाइक, आय वॉन्ट, आय नो, आय हॅव ही आधी अख्खीच्या अख्खी जिभेवर बसू द्या. ‘मला’चं भाषांतर करायला सांगूच नका. त्यानंतर गिव्ह, टेल, कॉल, आस्क, हेल्प एवढीच क्रियापदं घ्या.

मी किल्ल्यांचा जुडगा नेते. सगळ्या गोल बसतो. ‘गिव्ह हर द कीज’ म्हणायचं, जिच्याकडे बोट तिच्या हातात किल्ल्या. एकदा एका मावशींनी माझ्याकडे बोट करून शेजारणीला ‘गिव्ह देम द कीज’ म्हटलं. बोट तर माझ्या एकटीकडेच होतं. त्यांच्या मनात होतं, ‘बाईंना दे, त्यांना दे’. सासरे, डॉक्टर, साहेब, सगळ्यांना त्या ‘देम’च म्हणत. ही चूक नुसती खोडू नका. इंग्रजीत आदर सर्वनामात नसतो, तो ‘प्लीज’मध्ये, ‘सर’मध्ये, आवाजात असतो, हे नीट समजावून सांगा. नाहीतर सासऱ्यांना ‘हिम’ म्हणताना अरेतुरे केल्यासारखं वाटतं आणि जीभ अडते. मावशींना ते पटायला आठवडा लागला.

दुसरी हमखास चूक ‘कम विथ माय’. माझ्याबरोबर, माझ्यासाठी यांत ‘माझ्या’ आहे ना, म्हणून ‘माय’. इथे नियम सांगत बसू नका. विथ मी, फॉर मी, फ्रॉम हिम एका दमात म्हणवून घ्या.

आणि कानाला सवय लावा. भरभर बोलताना ‘हिम’मधला ह गळतो, ‘टेल हिम’ हे ‘टेलिम’ ऐकू येतं. फोनवर बायका गोंधळतात त्या इथेच.

संवाद त्यांच्या घरातला घ्या. माझ्या वर्गात सगळ्यात उपयोगी पडला तो शाळेतून आलेला फोन: मुलाला बरं नाही. ‘प्लीज टेल हिम टू वेट. आय विल टेक हिम होम.’ मुलगी असेल तर हर, दोघं असतील तर देम. ज्याची त्याची मुलं, त्यामुळे सर्वनाम आपोआप बदलतं. पोळ्यांची कामं करणाऱ्या एक बाई महिनाभर गप्प होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा एकदम म्हणाल्या, ‘गिव्ह हर द फोन. आय विल टॉक टू हर.’

तक्ता मी शेवटच्या आठवड्यात फळ्यावर काढते, रिकामा. भरतात त्याच.