गोव्यात जीन ड्राइव्हचे डास सोडावेत का?

आपल्या गटातल्या, ताळगावच्या एका सदस्याने विचारलंय, "जीन ड्राइव्हने डासांची अख्खी जमात संपवता येते म्हणे. मग गोव्यासारख्या छोट्या राज्यात आधी करून का बघत नाहीत? फॉगिंगचा धूर अजून किती वर्षं खायचा? जालन्यात झालेला प्रयोग हाच का?" शिवाय त्यांच्या पेडण्याच्या बागेत आंब्याला फळमाशी लागते, तिच्यावर हे चालेल का, असंही विचारलंय. जीन ड्राइव्ह म्हणजे जवळपास सगळ्या पिल्लांत उतरेल असा जनुकातला बदल. डासांच्या अळ्या शोधत लोकांच्या टाक्या आणि विहिरी तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जालन्याचा प्रयोग हा नव्हे. बदनापूर तालुक्यातल्या दावलवाडीला २०१७ मध्ये ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांची पिंजऱ्यांत चाचणी सुरू झाली होती. त्या नरांची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. नर सोडणं थांबवलं की काही पिढ्यांत तो गुणही नाहीसा होतो. जीन ड्राइव्हचा स्वभाव बरोबर उलटा आहे. तो आपणहून पसरत जातो.

एरवी आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे असलेलं जनुक साधारण निम्म्या पिल्लांत उतरतं. ड्राइव्हमध्ये त्या जनुकाला क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राची कात्री जोडलेली असते. जोडीदाराकडून आलेलं गुणसूत्र ती ठरल्या जागी कापते, आणि पेशी तो तुटलेला भाग दुरुस्त करताना शेजारच्या गुणसूत्रावरून नक्कल उतरवते. ड्राइव्हची प्रत अशी दोन्हीकडे होते आणि जवळपास सगळ्या पिल्लांत जाते. कागदावर हिशेब मांडून बघा. हजारात एक डास ड्राइव्हचा असेल तर सुरुवातीला प्रत्येक पिढीत वाहक दुप्पट होतात, आणि बाराव्या पिढीच्या आसपास क्वचितच एखादा डास सुटलेला राहतो. आपल्या हवेत डासांची एक पिढी दोन-तीन आठवड्यांची असते, म्हणजे सगळं वर्षाच्या आत. प्रत्यक्षात इतकं सुरळीत होत नाही, पण या तंत्राचं आकर्षण आणि त्याची भीती, दोन्हीचं मूळ या हिशेबात आहे.

कल्पना लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या ऑस्टिन बर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. क्रिस्पर आल्यावर ती हातात आली. २०१८ मध्ये त्याच कॉलेजातल्या आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाने आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलीस गॅम्बी डासाच्या 'डबलसेक्स' या लिंग ठरवणाऱ्या जनुकावर ड्राइव्ह चालवला. दोन्ही प्रती बिघडलेली मादी अंडी घालू शकत नाही आणि चावूही शकत नाही. पिंजऱ्यातली वसाहत सात ते अकरा पिढ्यांत संपली. हे जनुक निवडण्यामागे मोठा विचार होता. कापलेली जागा कधीकधी नक्कल न उतरवता वेडीवाकडी सांधली जाते, आणि मग कात्रीला ती जागा ओळखता येत नाही. असा डास तगला तर प्रतिकार पसरतो, ड्राइव्ह थांबतो. डबलसेक्सच्या दोन्ही प्रतींत असा बदल झालेल्या मादीला पिल्लंच होत नाहीत, म्हणून तिथे प्रतिकाराला वाव कमी. पुढे इटलीत तेर्नी इथे मोठ्या पिंजऱ्यांतही वसाहती कोसळल्या. उघड्यावर मात्र आजवर कुठेही ड्राइव्हचे डास सोडलेले नाहीत. बुर्किना फासोत २०१९ मध्ये जे सोडले ते ड्राइव्ह नसलेले, वांझ नर होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रकल्पच थांबवला.

आता गोवा. पणजीत मलेरियाची पहिली मोठी साथ १९८६ च्या सुमारास आली, बांधकामांची लाट सुरू झाली तेव्हा. इथला मुख्य वाहक अॅनोफिलीस स्टीफेन्साय. याला गटार लागत नाही. विहीर, गच्चीवरची उघडी टाकी, स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) साठवलेलं पाणी, असं स्वच्छ पाणी त्याला आवडतं. या डासावर ड्राइव्हचं काम झालेलं आहे, आणि तेही पहिल्या काही प्रयोगांत. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी स्टीफेन्सायमध्येच मलेरियाच्या परजीवीला रोखणारी जनुकं ड्राइव्हने पसरवून दाखवली. त्यात डास मरत नाही, मलेरिया वाहून न्यायला नालायक होतो. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण जागा रिकामी झाली की तिथे दुसरं कोणीतरी येतं.

आणि ते 'दुसरं कोणीतरी' गोव्यात आधीपासून हजर आहे. इथल्याच अभ्यासात अॅनोफिलीस सबपिक्टस या डासातही माणसाच्या मलेरियाचे परजीवी सापडले आहेत. तो गढूळ डबक्यांत, भाताच्या खाचरांत वाढतो. स्टीफेन्सायसाठी बनवलेला ड्राइव्ह त्याला शिवणारही नाही. डेंग्यूचं तेच. शहरात एडिस इजिप्ती, तर पोफळीच्या बागेत पडलेल्या पोवल्यांत (पानांच्या रुंद देठांत) आणि करवंट्यांत एडिस अल्बोपिक्टस. २००७ च्या सुमारास केरळात चिकुनगुन्याची मोठी साथ पसरवली ती या दुसऱ्याने. एकाच जातीवर नेम धरणं हे फवारणीच्या तुलनेत फार मोठं वरदान आहे, मधमाशी वाचते, चतुर वाचतो. पण "डास संपवा" ही तुमची मागणी एका जातीने पुरी होत नाही. (सत्तरीतल्या, गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाबद्दलही मला कोणीतरी विचारेलच. गोचिडीचं जीवनचक्र डासापेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे पिढ्यांवर चालणारा हा उपाय तिथे फारच संथ होईल.)

खरी अडचण तुमच्या "छोट्या राज्यात" या शब्दांत आहे. गोवा छोटा आहे म्हणूनच इथे हे करता येणार नाही. ड्राइव्हचा डास राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या किंवा पोळेच्या नाक्यावर थांबत नाही. डास स्वतः फार लांब उडत नसेल, पण ट्रकमधून, बसमधून, बोटीतून सहज जातो. स्टीफेन्साय असाच २०१२ मध्ये जिबूतीत सापडला आणि आता आफ्रिकेच्या शहरांत पसरतो आहे. पणजीत सोडलेलं सावंतवाडीत, कारवारात पोचणार, पुढे कुठवर ते कोणी सांगू शकत नाही. मग संमती कोणाची घ्यायची? खाणीवर, विमानतळावर, साध्या रस्त्यावरही आपल्या ग्रामसभा रात्री उशिरापर्यंत भांडतात आणि ते योग्यच आहे. इथे मात्र ज्याच्या अंगणात डास पोचणार त्याची ग्रामसभा दोडामार्गात असेल किंवा दुसऱ्या देशात. काही शास्त्रज्ञ मर्यादित ड्राइव्ह बनवताहेत, जे काही पिढ्यांनंतर विरतात किंवा ठरावीक प्रमाणाखाली पसरतच नाहीत. भारतात कधी काही व्हायचंच असेल तर सुरुवात त्यापासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

विश्वास गमावला की काय होतं, ते आपल्या देशाने पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचा दिल्लीतला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प १९७५ मध्ये बंद पडला. पैसा अमेरिकेचा, आणि जैविक युद्धाची तयारी चालल्याचा आरोप वर्तमानपत्रांतून आणि संसदेतून झाला. हरियाणातल्या सोनिपतला एडिसचे वांझ नर सोडायचे होते, ते राहूनच गेलं. आरोपात तथ्य किती यावर आजही वाद घालता येतो. पण लोकांना आधी नीट सांगितलं असतं तर तो इतका भडकला नसता, आणि त्यामुळे हे शास्त्र आपल्याकडे कित्येक वर्षं मागे पडलं.

मग आज काय करायचं? डेंग्यूसाठी वोल्बाकिया माझ्या मते सगळ्यात जवळ आहे. हा जिवाणू एडिसमध्ये बसवला की विषाणू त्यात नीट वाढत नाही, आणि तो आईकडून पिल्लांत जातो. जनुक बदलावं लागत नाही. इंडोनेशियात योग्याकार्ताच्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर संस्थेने आपल्याकडच्या एडिसमध्ये तो बसवलेला आहे. गोव्याने मागणी करावी ती या डासांची.

मलेरियासाठी काम टाकीवरच आहे. बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं अळीनाशक आणि अॅप्लोकायलस हा इथलाच छोटा मासा, दोघांच्या स्टीफेन्सायवरच्या चाचण्या गोव्यातच झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल १९९८ मध्ये छापूनही आले. फॉगिंगने फक्त उडणारा डास मरतो, तोही धूर पोचेल तिथला. टाकीतली अळी तशीच राहते आणि आठवड्याभरात पुन्हा डास. म्हणून तुमच्या सोसायटीत धुराचा आग्रह धरू नका, गच्चीवरच्या प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला जाळी आहे का ते बघा. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या क्युरिंगच्या पाण्याची तक्रार आरोग्य केंद्रात करा. आणि कृपा करून "मलेरिया कामगार आणतात" असं म्हणू नका. परजीवी कोणाच्याही रक्तातून येऊ शकतो, पण डास वाढतो तो बिल्डरने उघड्या ठेवलेल्या पाण्यात, आणि पहिला ताप येतो तो पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या त्या माणसाला. त्याची रक्ततपासणी वेळेवर झाली, गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, तर तुमची इमारतही वाचते.

फळमाशीचं थोडक्यात. फळमाश्यांवर ड्राइव्हचे प्रयोग प्रयोगशाळेत चालू आहेत, बागेपर्यंत काहीही आलेलं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो, तो मिथाइल युजेनॉलचं आमिष लावून फळं पक्व होण्याच्या बऱ्याच आधी टांगा. त्यात नरच सापडतात, त्यामुळे एकट्याच्या बागेत टांगून फारसा उपयोग नाही, शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनाही सोबत घ्या. गळलेली, किडकी फळं झाडाखाली सडू देऊ नका. खोल खड्ड्यात पुरून टाका, नाहीतर अळ्या त्याच मातीत कोषात जातात आणि नवी माशी तिथूनच बाहेर पडते.