आइसलंडमध्ये पहिल्यांदाच गाडी घेऊन निघताय?

जुलैत चौघं मित्र, हातात आठवडा आणि अख्खा रिंगरोड, म्हणजे देशाला वळसा घालणारा महामार्ग, करायचाय? होईल, पण १,३०० किलोमीटरांहून जास्त रस्ता आहे, गाडीतच बसून राहाल. दक्षिण किनाराच धरा: सेल्यालँड्सफॉस धबधबा, विक गाव, योकुल्सारलोन हे हिमनदीचं सरोवर. मनसोक्त बघून होईल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गाडीचं दार घट्ट धरूनच उघडा. वारा ते हिसकावून बिजागरीच वाकवतो, आणि हे नुकसान बहुतेक वेळा विम्यात बसत नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा.
- 'एफ' रस्ते, म्हणजे डोंगराळ भागातले कच्चे रस्ते, फोर-बाय-फोर गाड्यांसाठीच. यंदा सोडाच.
- लाव्हावरच्या शेवाळावर पाय नको. ते पुन्हा उगवायला दशकं जातात.

मध्यरात्रीही उजेड असतो, म्हणून चालवत राहू नका. चालक आलटूनपालटून ठेवा. बिनधास्त जा!