संचकार देण्याआधी शेजारच्या घराचा मीटर बघा

प्रश्न : काकू, आम्ही कोल्हापुरात जाधववाडीत भाड्यानं राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, पगार 22,000. माझ्या डब्यांचे महिन्याला आठेक हजार सुटतात, सगळे रोखीत. भिशी आणि शिल्लक मिळून साडेचार लाख जमलेत. नदीच्या बाजूला 12 फ्लॅटच्या नव्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके 19 लाखांला मिळतोय. एजंट म्हणतो, रविवारपर्यंत दोन लाख संचकार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) द्या, नोटरी करून देतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. देऊ का?

उत्तर : ताई, या रविवारी अजिबात देऊ नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणं करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. 19 लाखांचे 10 टक्के होतात 1 लाख 90 हजार. मागितलेला आकडाच चुकीचा आहे. आठच्या वर फ्लॅट असल्यानं महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणीही हवीच. तो नंबर मागा आणि मोबाईलवर स्वतः तपासा.

1997 साली आम्ही दोन गुंठ्यांसाठी असंच स्टॅम्पपेपरवर 25,000 दिले. त्यात माझ्या पाटल्या गेल्या. जागा एनए (बिनशेती) नव्हती, आणि मालकानं ती दुसऱ्यालाच विकली. पैसे चार वर्षं तुकड्यातुकड्यानं परत आले. पाटल्या काही पुन्हा झाल्या नाहीत.

आता जागेवर जा, एजंटला न घेता. शेजारच्या जुन्या घरांचे लाइटचे मीटर बघा. डोक्याच्या वर चढवलेले दिसले, किंवा गिलावा कमरेपर्यंत नवा आणि वर जुना दिसला, तर थांबा आणि दार वाजवा. 2019 ला, 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, ते घरातली म्हातारी माणसं भिंतीवर बोट ठेवून सांगतील. मग महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नकाशावर पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा, विचारा. तळमजला असेल तर मी नको म्हणेन.

पैशाचं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून लाखाच्या वर जातात, ते शिलकीतूनच द्यायचे. म्हणजे पंधरा-सोळा लाख कर्ज लागेल. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं धरलीत तर लाखाला साधारण 868 रुपये हप्ता, एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. पगारपत्रकावरच्या 22,000 च्या निम्मा हप्ता बसवला तरी कर्ज साडेबारा लाखांवर थांबतं. उरलेलं तुमचे डबे उचलतील, पण ते कागदावर दिसले पाहिजेत. उद्यापासून डब्यांचे पैसे खात्यात घ्या, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करा, रिटर्न भरा. वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा. हातउसने घेऊन फरक भरू नका, मी कर्ज विभागात कामाला असताना अशी घरं मोडताना पाहिलीत.

घर एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते, म्हणजे 19,000 वाचतात. दोघांचं नाव लावलं की ती जाते. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. माझं मत विचाराल तर तुमच्याच नावावर घ्या.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये तुमच्या उत्पन्नाला व्याजाची जास्तीत जास्त 1.80 लाखांची सवलत आहे, पाच वार्षिक हप्त्यांत. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर मिस्टरांचं नाव चढलंय का, ते आधी बघा.

करारनाम्याचा मसुदा हातात आला की त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सही करण्याआधी मी ओळ न् ओळ वाचून कळवते.